‘नवीन पोपट हा’ : एका ध्वनिफितीचे स्वागत आणि लोकगीताची व्याख्या

आपल्या विभागात लोकसाहित्याचा विषय शिकविताना ‘लोक’ या पदाची जी व्याख्या आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तिच्यात तीन गोष्टी गृहीत असतात : कर्ता अज्ञात, परंपरा मौखिक, स्थान ग्रामीण. ही तिन्ही लक्षणे ज्याला लागू पडत नाहीत, परंतु ज्याला लोकगीत म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, अशा एका रचनेचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. विषय थोडा हलका वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

१९८०च्या दशकात आनंद शिंदे यांच्या आवाजातील ‘नवीन पोपट हा’ हे गीत ध्वनिफितीवर निघाले आणि आनंद व मिलिंद या शिंदे बंधूंच्या जोडीचे नाव पुढे घरोघर पोहोचले. (याच सुमारास हिंदी चित्रपटसृष्टीत आनंद-मिलिंद याच नावाची संगीतकारांची जोडी उदयास आली, तिचा येथे संबंध नाही.) हे दोघे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे पुत्र होत. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची व गणपतीची गीते ज्या घरांतून आजही आषाढी-भाद्रपदात लागतात, त्यांतील अनेक घरांना त्यांची कव्वाली ठाऊक नाही, भीमगीते तर त्याहून नाहीत. इस्माईल आझाद यांच्या कव्वालीत साथ करून तयार झालेला हा गळा एकाच वेळी पंढरीचा, दर्ग्याचा आणि आंबेडकर जयंतीच्या मंडपाचा होता. मुलांकडे वारसा आला तो या तिहेरी गळ्याचा.

शिंदे घराण्याचा कल्याणशी असलेला संबंध या दृष्टीने केवळ चरित्रात्मक नाही. कल्याण हे रेल्वेचे मोठे जंक्शन. शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ येथील कारखान्यांचा कामगार याच परिसरात वसला. या वस्तीच्या मैदानात १४ एप्रिलनंतर रात्र-रात्र गायनपार्ट्यांचे सामने चालत. त्याच शहरात कल्याण गायन समाजाची शास्त्रीय संगीताची परंपरा आहे, आणि दोन स्टेशने अलीकडे डोंबिवलीत गिरगाव-दादरहून आलेला नोकरदार मध्यमवर्ग आहे. या तीन श्रोतृवर्गांच्या गाड्या एकच, कान मात्र वेगळे. ‘नवीन पोपट’चे स्वागत समजावयाचे तर ही रचना डोळ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे.

आता गीताकडे वळू. ‘पोपट’ हा शब्द प्रथम पाहावा. जात्यावरच्या ओवीत मुलाला ‘राघू’ आणि मुलीला ‘मैना’ म्हणण्याची रीत सर्वपरिचित आहे. पक्षी तोच, पण ‘राघू’त माया आहे, ‘पोपट’ या शब्दाला ‘पोपटपंची’पासून ‘पोपट होणे’पर्यंत उपहासाची छटा चिकटलेली आहे. ‘राघू’ ऐवजी ‘पोपट’ योजला जातो, तेव्हा ओवीचे विश्व मागे पडून चाळीतल्या थट्टेचे विश्व पुढे येते. त्यात ‘नवीन’ हे विशेषण. नवीन म्हटले की जुना कोणीतरी होऊन गेला, हे न सांगता सांगितले जाते. हे पूर्वगृहीत ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभे राहते आणि प्रत्येकजण आपापला पोपट शोधू लागतो. ज्याला द्व्यर्थ हवा त्याला तो मिळतो. ज्याला कचेरीतील नवा साहेब दिसावयाचा त्याला तो दिसतो. पुष्कळशा टीकाकारांनी यांतील पहिला अर्थ तेवढा पाहिला.

शब्दक्रम त्याहून लक्षणीय आहे. गद्यात आपण ‘हा नवीन पोपट’ असे म्हणू. येथे दर्शक सर्वनाम नामाच्या मागे गेले आहे. मात्रा मोजल्या तर दोन्ही क्रमांत दहाच भरतात. म्हणजे वृत्ताच्या सोयीसाठी ही उलटापालट झाली, असे म्हणता येत नाही. कारण उच्चारात आहे. मराठीत ‘पोपट’मधील अंत्य ‘अ’ लोपतो आणि शब्द ‘ट्’ या स्पर्शव्यंजनावर बंद होतो. त्या ‘ट्’वर आवाज लांबविता येत नाही. ‘हा’ मात्र विवृत दीर्घ स्वर. त्यावर मुख्य गायक तान घेऊ शकतो आणि कोरसाला उचल घेता येते. कव्वालीत ज्या गळ्यांची घडण झाली, त्यांना असा शेवट कानानेच सापडतो. शिवाय नामामागून आलेला ‘हा’ बोट दाखविल्यासारखा पडतो : पोपट कोणता, तर हा.

गीताचा पहिला शब्दही याच न्यायाने पाहण्यासारखा आहे. गायक ‘जवा’ म्हणतात. सूचींत व छापील उल्लेखांत त्याचे पुष्कळदा ‘जेव्हा’ झालेले आढळते. ही सुधारणा सद्हेतूने झाली असेल, पण ‘जवा’च्या तीन मात्रा आहेत आणि ‘जेव्हा’च्या चार. प्रमाणभाषेने गीताला शुद्ध केले आणि चाल मोडली! लोकगीतांच्या संपादनात हाच प्रमाद आपण शतकभर करीत आलो आहोत, त्यामुळे सूचीकारांना दोष देण्यात फारसे हशील नाही.

या ध्वनिफितीवर होणारा नित्याचा आक्षेप असा की ती थिल्लर होती, कर्कश होती, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात तिने पावित्र्याचा भंग केला. कर्कशपणाचा मुद्दा ध्वनिक्षेपकाचा आहे, गायकाचा नाही. तोच कर्णा भक्तिगीतालाही कर्कश करतो. थिल्लरपणाचे म्हणावे तर शाहिरी लावणीतील शृंगाराला आपण अभ्यासक्रमात स्थान दिले, कारण मध्ये दोनशे वर्षे गेली आहेत. खरा अडसर वेगळा असावा, असे मला वाटते. हे गीत ज्यांच्याकडून आले त्यांच्याकडे सुसंस्कृत श्रोत्याचे लक्ष तोवर केवळ अभंगाच्या वेळी जात असे. हाच गळा २००६च्या ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांच्या संगीतात वैशाली सामंत यांच्यासह ‘कोंबडी पळाली’ गाऊ लागला, तेव्हा तो सर्वांना गोड वाटला. तीच चाल २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये हिंदीत गेल्यावर तर तिचा अभिमानही वाटू लागला. पोपटाहून कोंबडी अधिक सोज्ज्वळ आहे, असे कोणी सिद्ध केल्याचे माझ्या वाचनात नाही. पक्षी नव्हे, पडदा बदलला होता.

तथापि केवळ बचाव करणे हे समीक्षेचे काम नव्हे. ध्वनिफितीने या गायनाचे नुकसानही केले आहे. मैदानातील सामन्यात प्रतिपक्षाच्या सवालाला तेथल्या तेथे जबाब रचावा लागे. शायराची कसोटी त्यात होती. स्टुडिओत प्रतिपक्ष नसतो. एका बाजूला सुमारे तीस मिनिटे भरावयाची, म्हणून एक गाजलेले गीत आणि भोवती त्याच साच्यातील चार-पाच दुबळी गीते, ही पद्धत पडली. ढोलकीच्या जागी यंत्राचा ठेका आला तेव्हा लयीतील लवचिकपणाही गेला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या परंपरेतील शब्दाची धार या साच्यात अनेकदा बोथट झालेली ऐकू येते. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील ध्वनिफीत-संस्कृतीवर १९९३ साली लिहिलेल्या ग्रंथात स्वस्त फितीमुळे प्रादेशिक आवाजांना बाजार मिळाला, हे दाखविले आहे. मराठीपुरते त्याला एवढे जोडावे लागेल की बाजाराने आवाज घेतला, सवाल-जबाब सोडून दिला. भीमगीतांच्या फिती मात्र काहीशा अपवाद ठरतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला त्या विकल्या जात, तेथे श्रोता समोर उभा असे.

आपल्या विभागापुरता प्रश्न व्यवहाराचा आहे. चुंबकीय फीत दमट हवेत टिकत नाही. ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, थर सुटतो. ओव्यांच्या वह्या आपण जपल्या, कारण त्या कागदावर होत्या. या फितींची वेष्टने, त्यांवरील गीतकारांची नावे, मूळ उच्चार हे सारे आज भंगारवाल्याच्या पोत्यात आहे, आणि संगणकावर जे उतरले आहे त्यात गीतकाराचे नाव गाळलेले व ‘जवा’चे ‘जेव्हा’ केलेले आढळते. पुढील वर्षी क्षेत्रकार्यासाठी जे विद्यार्थी कल्याण पूर्व व उल्हासनगर येथे जाणार आहेत, त्यांनी ओव्यांबरोबर घरोघरच्या फितीही मागाव्यात, वेष्टनासह, आणि लिप्यंतर करताना गायकाने उच्चारले तेच लिहावे.