मोळी आणि कावड : ‘श्यामची आई’चे एक वाचन

अँटॉप हिल येथील विहाराच्या रविवारच्या बालवर्गात आम्ही काही आठवडे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ वाचीत होतो. धम्मवर्गात हे पुस्तक कशासाठी, असे दोघा उपासकांनी विचारले. प्रश्न अप्रस्तुत नव्हता. परंतु आमची मुले ते शाळेत वाचतातच. मग ते आपल्या देखत वाचलेले बरे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकी, मग सत्याग्रह व कारावास, 1948 साली ‘साधना’ साप्ताहिकाची स्थापना, 11 जून 1950 रोजी अंत, असा त्यांचा जीवनक्रम. ‘धडपडणारी मुले’, ‘श्याम’, ‘गोड गोष्टी’ अशी त्यांची ग्रंथसंपदा मोठी आहे. तथापि मराठी बालमनावर सत्ता गाजविली ती ‘श्यामची आई’नेच. 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्याच नाशिकात 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह तेव्हा संपलेला नव्हता. पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली.

अश्रूंचा अतिरेक ही या पुस्तकाविषयीची जुनी तक्रार. आम्हांस तीत फारसे स्वारस्य नाही. आम्ही अडलो ते एका प्रसंगापाशी. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. उचलून द्यावयास कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते की, तू दे, आणि घरी येऊन स्नान कर. त्या गावात हे सांगण्यास धैर्य लागत होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्नान आहेच. आणि मोळी परत म्हातारीच्याच डोक्यावर जाते. वर्गातील एका मुलीने विचारले, “त्या आजीचं नाव काय?” बेचाळीस रात्रींच्या त्या कथनात एकही रात्र त्या आजीची नाही.

थेरगाथेतील सुनीत थेर आपली कथा स्वतः सांगतो. हीन कुळात जन्मलेला, निर्माल्य झाडून टाकणारा हा मनुष्य मगधाच्या नगरात येणाऱ्या तथागतांना पाहतो आणि खांद्यावरची कावड खाली ठेवून वंदनास जातो. पाली शब्द ‘ब्याभंगी’. भगवंत त्याच्याकरिता थांबतात व त्याला संघात घेतात. ती कावड पुन्हा उचलली गेल्याचा उल्लेख गाथेत नाही. करुणा दोन्हीकडे आहे, ओझ्याचे काय होते ते मात्र निराळे.

गुरुजी त्या स्नानापाशी थांबले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी 1 ते 10 मे 1947 या काळात प्राणांतिक उपोषण केले व मंदिर उघडले. लेखकाने आपल्या पुस्तकाच्या पुढे जाणे ही दुर्मिळ गोष्ट होय. मात्र तोवर बाबासाहेबांचा मार्ग मंदिराच्या दारावरून केव्हाच पुढे गेला होता.

मोळीची दुसरी बाजू बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (1986) मध्ये सापडते. तेथे ब्राह्मण आळीत सरपण विकणाऱ्या महार स्त्रिया आहेत आणि लाकडांत बाटविणारा केस वा धागा राहिला नाही ना, हे बजावणाऱ्या गृहिणीही आहेत. पुढल्या रविवारी ती पाने आम्ही वर्गात वाचली. त्या दिवशी मुलांनी प्रश्न फारसे विचारले नाहीत; आपापल्या आज्यांची नावे मात्र सांगितली.