मिठाची पोती

देवगिरीच्या वेढ्याची एक कथा दौलताबादेस परंपरेने सांगितली जाते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा गड शाबूत होता. परंतु धान्याची म्हणून वर नेलेली पोती सोडताच आत मीठ निघाले, आणि रामदेवरावास तह करावा लागला.

व्हॉट्सअ‍ॅप बरे की सिग्नल, हा वाद घरात निघतो तेव्हा आम्हांस ही पोती आठवतात. कुलपाविषयी आमची तक्रार नाही; २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपने संदेशांसाठी सिग्नलचीच संकेतपद्धती स्वीकारली आहे. भेद आहे तो पोत्यांचा. सिग्नलची आज्ञावली कोणाही जाणत्यास उघडून तपासता येते. व्हॉट्सअ‍ॅपची तशी येत नाही, तेथे मालकाच्या शब्दावर विसंबावे लागते. शिवाय मजकूर बंद राहिला, तरी कोणी कोणास केव्हा लिहिले, ही माहिती मालकाच्या हाती जाऊ शकते.

यावर घरची मंडळी म्हणतात, "आपले सारे सोयरे तिकडेच आहेत." आक्षेप खरा आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांस हुकुमाने याच गावी आणले; काही वर्षांतच राजधानी परत गेली. गोतावळा हुकुमाने हलत नाही, एकट्याच्या निश्चयाने तर नाहीच. तेव्हा लग्नाची निमंत्रणे जुन्या वाटेने जाऊ द्यावीत. परंतु दुखणी, देणीघेणी आणि मुलाबाळांच्या गोष्टी यांसाठी घरापुरते तरी सिग्नल घ्यावे. पोती आपण स्वतः सोडून पाहणार नाही, हे कबूल. पण जेथे ती पाहण्याची कोणासच मुभा नाही, त्या गडावर निर्धास्त निजणे शहाणपणाचे नव्हे.