हा ‘ल’ कुणाचा?

मंडळाच्या गणेशोत्सवाचं पोस्टर करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. कुणीतरी काका वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतात, ‘अगदी असंच अक्षर हवं’. तुम्ही तो फोटो ‘व्हॉट द फॉन्ट’वर चढवता आणि काही सेकंदांत यादी हजर! यादीतली नावं मात्र लॅटिन फॉन्टांची असतात, आणि शेजारी ते विकत घ्यायची सोय.

या साधनाला नावं ठेवण्याआधी एक मान्य करू. इंग्रजी मजकुरासाठी ते खरोखर चांगलं आहे. कॅफेच्या पाटीचा तिरका, अंधुक फोटो दिला तरी पुष्कळदा योग्य नावाच्या जवळ पोचवतं. पण ते शोधतं कुठे, हे बघा. ते आहे मायफॉन्ट्स या दुकानाचं, आणि ते दुकान मोनोटाइप कंपनीचं. म्हणजे तुम्ही विचारता ‘हे अक्षर कोणतं?’ आणि उत्तर मिळतं ‘आमच्याकडे यासारखं काय आहे’. हेल्वेटिका आणि तिच्या भावंडांच्या बाबतीत या दोन प्रश्नांतलं अंतर फारसं जाणवत नाही. देवनागरीत ते एकदम उघडं पडतं.

मला स्वतःला ‘आयडेंटिफॉन्ट’ जास्त आवडतं, दिसायला जुनाट असलं तरी. ते फोटो मागत नाही, प्रश्न विचारतं. अक्षरांच्या टोकांना सेरिफ आहेत का? कॅपिटल क्यूची शेपटी कशी आहे? आठ-दहा प्रश्न होईपर्यंत फॉन्ट सापडो न सापडो, तुम्ही अक्षराकडे नीट बघायला लागलेले असता. फोटो चढवून हे होत नाही. पण क्यूच्या शेपटीचा आपल्याला काय उपयोग?

आपले प्रश्न वेगळे आहेत. ‘ल’पासूनच सुरुवात करा. एका ‘ल’ला दोन पाकळ्या असतात आणि मधून शिरोरेषेकडे जाणारा छोटा देठ. दुसऱ्याला उजवीकडे सरळ उभा दंड असतो. पहिला मराठी वळणाचा, दुसरा हिंदी पुस्तकांतून ओळखीचा. ‘श’चंही तसंच. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात तर पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरावेत असं स्पष्ट सांगितलं आहे. (शासन निर्णयात पाकळी आणि देठ हे शब्द यावेत, हे मला अजूनही फार गोड वाटतं.) मात्र युनिकोडसाठी दोन्ही ‘ल’ एकच, संकेतांक एक, रूप फॉन्टवर सोडलेलं. त्यामुळे टाइप केलेल्या मजकुरात हा फरक उरतच नाही. तो फक्त आकारात असतो आणि आकार ओळखणारी ही साधनं देवनागरी शिकलेलीच नाहीत. त्यातल्या काहींना तर अक्षरं एकमेकांपासून सुटी करून द्यावी लागतात. शिरोरेषेखाली लटकणारा आख्खा शब्द सुटा कसा करणार?

ब्राउझरमध्ये बसवायची छोटी एक्स्टेंशन्स असतात. शब्दावर माउस नेला की फॉन्टचं नाव सांगतात. मराठी पानावर त्यांच्या भरवशावर राहू नका. पानाच्या कोडमध्ये ‘हेल्वेटिका’ लिहिलेलं असलं, तर मराठी ओळीवरही ‘हेल्वेटिका’ असं उत्तर येऊ शकतं. हेल्वेटिकात देवनागरी नसेल तर संगणक गुपचूप आपल्याजवळचा फॉन्ट लावतो: मॅकवर बहुधा कोहिनूर देवनागरी, विंडोजवर निर्मला. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘कम्प्युटेड’च्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ बघा. प्रत्यक्षात कोणता फॉन्ट लागला ते तिथे कळतं.

काकांच्या स्मरणिकेकडे परत येऊ. तिची पीडीएफ कुणाकडे असेल तर फोटोच्या नादी लागूच नका. अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून ‘फॉन्ट्स’वर जा, वापरलेल्या फॉन्टांची नावं बहुधा तिथेच मिळतील. त्या काळातली असेल तर श्रीलिपी किंवा तसला एखादा युनिकोडपूर्व फॉन्ट निघण्याची शक्यता मोठी. या फॉन्टांत देवनागरी आकार लॅटिन अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

आजोबांच्या पोथीसारखं त्याहून जुनं काही असेल, तर ‘फॉन्ट’ हा शब्दच अपुरा पडतो. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथली सुबक अक्षरं राणोजी रावजी आरू यांच्या हातची. त्या काळी जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवत. कागदावर आपण बघतो तो घासलेला खिळा, पसरलेली शाई आणि वेलांटी जिथे टेकली तिथली बारीकशी फट. ही फट खिळाछपाईची चांगली खूण आहे, पण ओळख साधनाला ती कचरा वाटणार. आणि आरूंचं नाव कुठल्याही विक्रीयादीत नाही, म्हणून ते उत्तरातही कधी येणार नाही.

देवनागरीसाठी असं साधन बनवणं आज अशक्य मुळीच नाही. गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट बरेच आहेत; त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. तुमच्यापैकी जे मशीन लर्निंग शिकताहेत आणि प्रोजेक्टसाठी विषय शोधताहेत, त्यांनी याचा जरूर विचार करावा. माझी अट एकच: यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे. नाहीतर निर्णयसागरचं पान दिलं की ते गूगलवरचा जवळातला जवळ फॉन्ट पुढे करेल, आणि आपण पुन्हा दुकानात.

तोवर पोस्टरसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. तो फुकट आहे आणि मराठी वळणासाठी वेगळा काढलेला आहे. नावातला ‘मराठी’ बघून मगच उतरवा, कारण शेजारीच ‘तिरो देवनागरी हिंदी’ही आहे, आणि ‘मंगलमूर्ती’तला ‘ल’ छापून आल्यावर काकांच्या तो नक्की लक्षात येईल.