कातड्याचा जोडा

उपकाराची परिसीमा सांगायची असली म्हणजे मराठी माणूस म्हणतो, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी हे ऋण फिटायचे नाही.’ भाषणात, लग्नाच्या मांडवात, निवडून आलेल्या उमेदवाराच्या सत्कारात हे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकले आहे. म्हणणाऱ्याच्या अंगाला कुणी रापी लावत नाही आणि ऐकणाराही पाय पुढे करत नाही. या वाक्यात कातडे आहे, जोडा आहे, पाय आहे. फक्त जोडा शिवणारा नाही. तो आपोआप गृहीत धरलेला आहे, जसा गावात धरला जातो.

पायात घालायच्या वस्तूला मराठीत जितकी नावे आहेत तितक्या पायऱ्या आहेत. सर्वांत वर पादुका. ती लाकडाची नाही तर चांदीची. कातड्याचा स्पर्श तिला नाही, म्हणून ती पालखीत बसते. तिच्या खाली जोडा, मग वहाण, मग पायताण, आणि तळाला खेटर. वस्तू एकच, पण जसजसा शिवणाराचा हात जवळ येतो तसतसा शब्द खाली उतरतो. म्हणीही तशाच. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण वहाणेविषयी नाही हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. रिकामी चौकशी केली की ती ‘चांभारचौकशी’ ठरते. जणू गिऱ्हाइकाचा पाय कुठे दुखतो, टाच कुठल्या बाजूला झिजते हे विचारल्यावाचून जोडा होतो! खरे म्हणजे चांभाराची चौकशी ही या देशातली फार शहाणी चौकशी होती. आमच्या वाङ्मयीन समीक्षेने तेवढीच चौकशी आपल्या विषयाची केली असती तर बरेच ग्रंथ वाचवता आले असते.

पण एका माणसाने हे वाक्य खरे करून दाखवल्याची कथा आपल्याच मुलखात आहे. बाराव्या शतकातले कल्याण, आजचे बसवकल्याण, अंबाजोगाईपासून फार लांब नाही. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत ही कथा आजही सांगतात. हरळय्या हा कल्याणचा चांभार. वाटेत बसवण्णा भेटले तेव्हा त्याने ‘शरणु’ म्हटले. बसवण्णांनी उत्तरादाखल ‘शरणु शरणार्थी’ म्हटले. एका नमस्काराला दोन नमस्कार! हे वाढीव ऋण हरळय्याला पेलवेना. त्याने व त्याची बायको कल्याणम्मा हिने आपापल्या मांडीचे कातडे काढले, कमावले, आणि त्याचा जोडा शिवून बसवण्णांपुढे ठेवला. बसवण्णांनी तो पायात घातला नाही, डोक्यावर घेतला, आणि हे घालण्याइतके आपले पाय मोठे नाहीत म्हणून परत केला. पुढे मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याने तो जोडा पायात सरकवला आणि त्याच्या अंगाची आग आग झाली.

ही आख्यायिका आहे हे उघड आहे. परंतु समीक्षकाने आख्यायिका खरी की खोटी एवढेच विचारून थांबायचे नसते. तिच्यात कोणाला काय किंमत पडली ते विचारायचे असते. भक्तिभावाने वाचणारे म्हणतात, पाहा, चांभारही केवढा थोर! आम्ही विचारतो, त्याला थोर ठरायला स्वतःची मांडीच का कापावी लागली? त्याने आयुष्यभर शिवलेले साधे, टिकाऊ, काट्याकुट्यातून चालणारे जोडे थोरवीला पुरे पडले नाहीत काय? ब्राह्मणाच्या बरोबरीच्या एका नमस्काराची परतफेड चांभाराला रक्ताने करावी लागते, पण त्याच्या रोजच्या कामाचे ऋण कल्याण नगरीतल्या एकाही पायाला जाणवत नाही. तरीही या कथेचा पुढचा भाग आम्ही सोडणार नाही, कारण तो आख्यायिकेत विरघळत नाही. हरळय्याच्या मुलाचे मधुवरसाच्या मुलीशी लग्न लागले. हे मात्र बिज्जलाच्या राज्याला सहन झाले नाही. मांडीच्या कातड्याचा जोडा चालला, मुलाबाळांचा जोडा चालला नाही. परंपरा सांगते की दोघाही बापांना हत्तीच्या पायी देण्यात आले आणि कल्याण पेटले. गिरीश कर्नाडांनी १९९० मध्ये ‘तलेदंड’ हे नाटक याच घटनेवर लिहिले.

कल्याणच्या या रक्तपातानंतर जेमतेम वीस वर्षांनी, शके १११० म्हणजे इ.स. ११८८ मध्ये, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला असे मानतात. मराठीचा आद्यकवी म्हणून अंबाजोगाईला त्यांचा अभिमान आहे. त्यांची समाधी गावाबाहेर डोंगरात आहे. ब्रह्म आणि माया यांचा विवेक मराठीत सुरू झाला तेव्हा शेजारच्या नगरीत एका चांभाराचे प्रेत पडून गेले होते. आद्यकवीवर हा आरोप नव्हे. पण वाङ्मयाच्या इतिहासात पहिली घटना विवेकसिंधूची आणि दुसरी घटना धर्माच्या इतिहासात, अशी विभागणी कोणी केली?

अंबाजोगाई हे पुष्कळ पायांचे गाव आहे. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. पुण्यामुंबईहून माणसे येतात, दाराशी चपला काढतात. निजामी अमलात याच गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडदळ म्हणजे खोगीर, लगाम, पट्टे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. देवीच्या दारात चप्पल काढणे ही भक्ती. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना चप्पल काढून हातात, नाही तर डोक्यावर घेणे हा गावाचा कायदा. एकच क्रिया, पण एकीत माणूस वाकतो आणि दुसरीत वाकवला जातो. फौजेत गेलेला महाराचा किंवा चांभाराचा पोर सुट्टीवर येताना बूट खाडखाड वाजवत गावात शिरला की गाव का बिथरत असे, ते यावरून समजावे.

१९८३ साली याच गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. रानावनात पायांनी हिंडलेला हा लेखक. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ यांमध्ये त्याने अनवाणी माणसे प्रेमाने पाहिली, हे आम्ही नाकारत नाही. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही, त्यांच्या नंतर आणि आसपास वाढलेल्या भटकंतीच्या वाङ्मयाविषयी आहे. गडकिल्ले, घाटवाटा, पावसातला सह्याद्री यांवर मराठीत लिहिणाऱ्यांना तोटा नाही. कातळ, करवंद, ढग सगळ्यांवर परिच्छेद आहेत. बुटावर असेल तर सूचना असते: घट्ट असावा, तळ घसरू नये, नवा बूट घालून एकदम मोठी चाल करू नये. सल्ला बरोबर आहे. पण निसर्ग आणि लेखक यांच्यामध्ये रोज दहा-दहा मैल जे कातडे उभे असते त्याला घाम असतो, जात असते, हे या वाङ्मयाला सुचत नाही. पाय गडावर पोचतो आणि बूट वर्णनातून गळून पडतो.

त्या कातड्याची हकीकत थोडक्यात अशी. जनावर मेले की महाराने ओढायचे. कातडे ढोराने कमवायचे: चुन्यात भिजवून केस सोडवायचे, खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवायचे, कधी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात तो अर्क भरून टांगायची. मग चांभाराने रापी, आरी घेऊन बसायचे. मोट त्याची, वादी त्याची, पायताण त्याचे. एका जोड्यात अशा तीन जाती शिवलेल्या असत. टाका मात्र तिघांच्या मधून कधी गेला नाही. तिघे एकमेकांच्या हातचे पाणीही पीत नव्हते. हे आमच्याही घरातले खेटर आहे, ते दुसऱ्याच्या दारात ठेवून चालणार नाही.

आता आमच्या स्वतःच्या साहित्याकडे येतो, कारण खरा पेच तेथे आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. ढोरे ओढणेही लोकांनी सोडले. ‘केसरी’त हिशेब मांडला गेला की शिंगे, खूर, हाडे, कातडे यांचे वर्षाचे पाचशे रुपये अस्पृश्य बुडवीत आहेत. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात ही हकीकत सांगितली: मढी तुम्ही ओढा, ते पाचशे तुम्ही घ्या, वर माझ्याकडून पाचशे देतो, असे त्यांनी त्यांना कळवले होते. यात विनोद आहे आणि विनोदाखाली एक संपूर्ण अर्थशास्त्र आहे. जो धंदा इतका फायद्याचा आहे तो दुसरे कोणी का करीत नाही?

हा नकार योग्य होता. तो नसता तर ही नियतकालिकेही नसती. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकून एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला, हे शाळेत कौतुकाने सांगतात. ज्याला तो धंदा सोडता येतो त्याने तो धरला तर तो साधू, ज्याला सोडता येत नाही तो चांभार. तेव्हा श्रमाच्या गौरवाची गाणी आमच्यापुढे गाऊ नयेत.

पण नकाराबरोबर आणखी एक गोष्ट सुटली. दलित आत्मकथनांत ढोर आहे, ढोरावर तुटून पडणारी गिधाडे आहेत, सोललेल्या मांसाचे वाटे आहेत. कातड्याचे ज्ञान क्वचित आहे. माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ १९७९ मध्ये आले, तेव्हा कोकणातल्या चर्मकार शिक्षकाचे जगणे रोजनिशीतून मराठीत उतरले. खडू धरणारा हात आणि आरी धरणारा हात एकाच घरात असला की काय होते, गाव मास्तरात चांभारच कसा पाहतो, हे त्यात आहे. त्या पुस्तकाची चर्चा झाली ती वेदनेच्या अंगाने. कारागिरीच्या अंगाने ते कोणी वाचले नाही, आम्हीही नाही. आमच्या समीक्षेत वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द इतके भक्कम बसले की हुन्नर या शब्दाला बसायला पाट उरला नाही. चौकाचौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे पाहा. निळा कोट, हातातले संविधान, उगारलेले बोट, सगळ्यांवर कविता आहेत. पायातल्या बुटावर फार थोड्यांची नजर जाते. आणि पुतळ्याच्या पायाशी रस्त्यावर जो बूट शिवत बसलेला असतो, त्याला कवितेत यायचे असेल तर अपमानित होऊनच यावे लागते.

हे मौन महाग पडते. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याच्या बाजाराला मोठा धक्का बसला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी फटके मारले; तेव्हा सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. बाबासाहेबांचेच ‘तुम्ही ओढा’ हे उत्तर! आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या; कोल्हापूरचे नाव नाही, शिवणाऱ्याचे तर नाहीच. २०१९ पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाली तेव्हा अवघा महाराष्ट्र ‘आमची कोल्हापुरी’ म्हणून उभा राहिला. आमची! पायीची वहाण एकाएकी डोक्यावर आली, तीही परक्याने उचलली म्हणून.

तेव्हा हुन्नराविषयी बोलायचे की नाही? बोललो तर जात पुन्हा धंद्याला बांधली जाण्याची भीती. न बोललो तर ज्ञान मिलानला आणि फटके उन्याला. आमचे मत असे की बोलले पाहिजे, पण जोडा घालणाऱ्याच्या पायापासून सुरुवात करून. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटातून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोड मजूर खाली उतरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोचा जोडा. या जोड्याच्या पायात काय असते? रबरी स्लिपर, फाटका कॅनव्हास, नाही तर काहीच नाही. कापलेल्या उसाचे बुडखे भाल्यासारखे उभे असतात, पाचटात साप असतो, रात्रीच्या भरणीत चिखल असतो. ज्या बुटाची जाहिरात डोंगर चढणाऱ्या हौशी पायासाठी होते, त्याची गरज या पायाला आहे. फडात त्यांच्यासाठी बूट नाही, आणि त्यावर समीक्षाही नाही.

अंबाजोगाईच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे कॉलेजची पोरे डोंगरात हिंडायचे हंटर शूज घेऊन येतात. दोन पावसाळ्यांत तळ सुटलेला असतो. तो बूट उलटा करतो आणि सांगतो, हा चिकटवलाय, शिवला नाही. शिवलेल्याचा तळ झिजला की उसवायचा, नवा लावायचा. वरचे कातडे दहा वर्षे हलत नाही. चिकटवलेला फाटला की फेकायचा. पोरे विचारतात, मग शिवून देता का? तो भोक पाडायला आरी उचलतो आणि आधी विचारतो, चालताना टाच कुठल्या बाजूला पडते?