१८६६ चे तीन छायाचित्रग्रंथ व कपाशीचा मुलूख

पश्चिम हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तूंसंबंधीं मुंबईस जी समिती स्थापन झाली होती, तिच्याकरितां १८६६ सालीं लंडनच्या जॉन मरे यांनीं अहमदाबाद, विजापूर आणि धारवाड-म्हैसूर या विषयांवरील तीन मोठे छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध केले. पैकीं विजापूरचा ग्रंथ आपल्या अभ्यासकांस अधिक जवळचा. त्यांतील ऐतिहासिक वृत्तांत मेडोज टेलर याचा असून वास्तुविवेचन जेम्स फर्ग्युसन याचें आहे. ग्रंथांची थोरवी वादातीत आहे. तथापि त्यांतील चित्रें पुरावा म्हणून पुढें करतांना, जी सावधगिरी पोथीच्या बाबतींत आपण सहज बाळगतों ती बहुधा सोडून दिली जाते.

विजापूरच्या ग्रंथाचें नामपृष्ठच सांगतें कीं, आंतील कांहीं छायाचित्रें हार्ट, कमिंग व एतद्देशीय चित्रकार यांच्या रेखाचित्रांवरून घेतलीं असून कांहीं बिग्ज व लॉक यांनीं प्रत्यक्ष स्थळीं घेतलीं आहेत. म्हणजे एकाच वेष्टनांत मूळ प्रत व नकलेची नक्कल शेजारीं शेजारीं बांधलेली! रेखाचित्राच्या छायाचित्रावरून घुमटाची त्या काळची स्थिति ठरविणें म्हणजे उताऱ्यावरून मूळ लेखकाचें हस्ताक्षर ठरविण्यासारखें आहे. तोफखान्यांतील अधिकारी बिग्ज यास १८५५ सालीं मुंबई सरकारनें या कामीं नेमिलें. त्याची उलटी प्रतिमा कागदावर घेतलेली असे, व त्या कागदाचे तंतु छापींव चित्रांतहि उतरत. भिंतीवरील खरबरीतपणा दगडाचा कीं कागदाचा, हें पाहिल्यावांचून बोलूं नये.

दुसरें, आकाश. तत्कालीन रासायनिक लेप निळ्या प्रकाशास फार लवकर वश होई व तांबड्या-पिवळ्यास जवळजवळ आंधळा असे. म्हणून आकाश कोरें पांढरें उमटे आणि तांबडी माती काळवंडे. हा दोष झांकण्याकरितां त्या काळचे कित्येक छायाचित्रकार दुसऱ्या कांचेवरील ढग जोडीत. असे ढग आम्ही निःसंशय प्रक्षिप्त समजतों. तिसरें, निर्मनुष्यता. चित्र वाढवून छापण्याची सोय व्यवहारांत नव्हती, म्हणून जेवढें चित्र हवें तेवढाच कॅमेरा लागे. शिवाय प्रकाश देण्यास वेळ फार लागे, आणि तेवढ्या वेळांत चालता मनुष्य वा गाडी यांचा मागमूसहि राहत नसे. आज वर्धा जिल्ह्यांतील जाम येथें, जेथें नागपूर-हैदराबाद महामार्गास चंद्रपूरचा रस्ता फुटतो, दाट काळी कांच भिंगावर लावून मोठ्या कॅमेऱ्याचें झांकण कांहीं मिनिटें उघडें ठेविलें तर धांवत्या मालगाड्यांची ती रीघ नाहींशी होऊन रस्ता ओस दिसेल. जुन्या चित्रांवरून 'हा प्रदेश उजाड होता' असें लिहिणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

जामचें नांव येथें सहज आलेलें नाहीं. या ग्रंथांपैकीं अहमदाबाद व धारवाडचा खर्च प्रेमचंद रायचंद यांनीं, तर विजापूरचा करसनदास माधवदास यांनीं सोसला. अमेरिकेंतील यादवी युद्धानें १८६१ ते १८६५ पर्यंत मुंबईस कापसाची जी तेजी आली, तिच्यावर प्रेमचंदांचें ऐश्वर्य उभें होतें. जामच्या दक्षिणेस असलेल्या हिंगणघाटचा कापूस त्या बाजारांत नांवाजलेला. आणखी मौज अशी कीं, १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पद्धतींत कांचेवर जें कोलोडियन ओतीत, तें आम्लसंस्कार केलेला कापूस ईथर व अल्कोहोल यांत विरघळवूनच करीत. एवढें असून कपाशीचा मुलूख या ग्रंथांत नाहीं. समितीचा विषय वास्तु होता, तेव्हां दोष तिचा नव्हे; घांट, धबधबा व घुमट यांपलीकडे चित्रास विषयच नाहीं असें मानणाऱ्या मागाहूनच्या अनुकरणकर्त्यांचा आहे.

वस्तुतः सपाट काळ्या रानाकरितां मोठा कॅमेरा फार सोईचा. भिंग किंचित् पुढें कलविलें कीं पायाजवळच्या तासापासून क्षितिजापर्यंत सर्व जमीन एकाच वेळीं रेखीव उमटते. नाहींतर छिद्र अगदीं लहान करावें लागतें, वेळ वाढतो आणि वाऱ्यानें पऱ्हाटी हलते. मात्र कलविलेल्या भिंगानें जवळच्या बाभळीचा शेंडा अस्पष्ट होतो. वाचकानें तो हस्तदोष समजूं नये. आठ बाय दहा इंची फिल्म आजहि मिळते. ती महाग वाटल्यास १९०१ पासून चालत आलेल्या १२० क्रमांकाच्या गुंडाळीवर सहा सेंटिमीटर रुंदीचें चित्र घ्यावें. भिंग बहुतेक ठिकाणीं कलत नाहीं, पण बारकावा पुष्कळ मिळतो.

अशीं चित्रें ज्यांच्या संग्रहीं येतील त्यांनीं उलटी प्रतिमा हीच मूळ प्रत समजावी, तिच्या कडा कापूं नयेत, आणि पाकिटावर तारीख, तोंडाची दिशा, भिंग व प्रकाशाचा काल हीं चार टिपणें पेन्सिलीनें लिहून ठेवावीं.