पडद्यामागची संमती

‘बॅकग्राउंडला चालतं’ असं आपण सहज म्हणतो. तिथे चालतं काय, ते आधी पाहू. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर असतो; तो ठरल्या वेळी अपडेटरला उठवतो. अपडेटर कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, नवीन काही आहे का? असेल तर उतरवून घेतो, डिजिटल सही तपासतो, जुन्याच्या जागी नवं ठेवतो. आपल्याला पत्ताही नसतो.

हे वाईटच, असं आम्ही म्हणणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ती न लावलेली यंत्रं सापडली, आणि त्यांनी इतरांकडेही लागण पोहोचवली. ‘मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही’ हा बाणा शेजाऱ्यालाही महागात पडतो.

मग आक्षेप कशाला? १९ जुलै २०२४ घ्या. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. प्रोग्रॅमला एकविसावी नोंद वाचायची होती, पुरवल्या होत्या वीस. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं कोसळली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले! ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली. पण जे यंत्र उभंच राहत नाही, ते दुरुस्ती उतरवून घेणार कसं? माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून ती फाइल काढली.

आता इथे न्यायदर्शन उपयोगी पडतं, बरं का. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त हवा, म्हणजे जाणकार आणि खरं सांगणारा. डिजिटल सही एवढंच सांगते की बोलणारा तोच आहे. तो बरोबर बोलतोय की नाही, हे ती सांगूच शकत नाही. त्या दिवशी कुणी तोतया आला नव्हता. फाइल कंपनीचीच होती.

पण आम्हाला खरं खटकतं ते पुढचं. या कंपनीने ग्राहकांना निवड दिलेली होती: मुख्य प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती घ्या, नाहीतर एक-दोन पावलं मागची ठेवा. सावध संस्थांनी मागची ठेवली, आणि तरीही त्या पडल्या. कारण ही फाइल ‘आवृत्ती’ धरलीच जात नव्हती. ती ‘मजकूर’ होती, आणि मजकुराला ती निवड लागू नव्हती. पुढच्या दाराची किल्ली तुमच्या हातात, मागचं दार सताड उघडं! याला संमती म्हणायचं? आमच्या मते नाही. कशाला होकार देतोय, हेच जिथे माणसाला कळत नाही, तिथे होकाराचं बटण हा निव्वळ उपचार ठरतो. तज्ज्ञ म्हणतील, नव्या हल्ल्यांना तोंड द्यायला वेग लागतो. लागतो ना. पण थोड्या यंत्रांवर आधी पाठवून पाहायला तो वेग आड येत नव्हता. घटनेनंतर कंपनीने नेमकं तेच जाहीर केलं: मजकूरही टप्प्याटप्प्याने जाईल, आणि तो केव्हा घ्यायचा हे ग्राहकाला ठरवता येईल.