गाठोडे सोडणारी संहिता : जेंटू लिनक्समधील 'अनपॅक' फंक्शनची समीक्षा

बीजशब्द : शेल, अर्काइव्ह, पॅकेज, संहिता-परीक्षण, विश्वासार्हता

प्रस्तावना :
साहित्यसमीक्षेत संहितेचे बारकाईने वाचन हा पाया मानला जातो. संगणकीय आज्ञावलीचे मूल्यमापन मात्र बहुधा 'ती चालते की नाही' एवढ्याच निकषावर होते. सॉफ्टवेअरचे पॅकेज बांधताना मूळ लेखकाने पुरविलेली अर्काइव्ह, म्हणजे अनेक फाइल्स एकत्र बांधून आकाराने लहान केलेले गाठोडे, प्रथम सोडावे लागते. हे काम करणारा शेल कोड हमालीचा समजला जातो आणि क्वचितच वाचला जातो. प्रस्तुत लेखात जेंटू लिनक्सच्या पोर्टेज या पॅकेज-व्यवस्थेतील 'अनपॅक' या फंक्शनचे वाचन करून अशा संहितेचे परीक्षण कोणत्या निकषांवर व्हावे, याचा विचार केला आहे.

संहितेचे स्वरूप :
या फंक्शनची रचना साधी आहे. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग पाहावा, त्यानुसार टार, जीझिप, बीझिप-२, एक्सझेड किंवा झिप यांसाठी योग्य ती आज्ञा निवडावी आणि गाठोडे सोडावे. शेवटी सुटलेल्या फाइल्सच्या परवानग्या सारख्या केल्या जातात. वाचण्याचा अधिकार सर्वांना मिळतो, लिहिण्याचा केवळ मालकाला. मूळ लेखकाच्या यंत्रावरील परवानग्या गाठोड्याबरोबर येऊ शकतात, हे जाणून केलेली ही तरतूद आहे.

विवेचन :
या संहितेचे खरे सामर्थ्य अपयशाच्या हाताळणीत दिसते. संकोच उलगडणारी आज्ञा आणि टार या दोन आज्ञा 'पाइप'ने जोडलेल्या असतात. शेल एरवी शेवटच्या आज्ञेचाच निकाल कळवतो, त्यामुळे पहिली मध्येच कोलमडली तरी ते झाकले जाण्याचा संभव असतो. येथे बॅशच्या 'पाइपस्टेटस' या सूचीतून प्रत्येक आज्ञेचा निकाल तपासला जातो. एक सवलत मात्र दिली आहे. शेवटची आज्ञा वगळता इतरांचा निकाल १४१ आला, तर तो दोष धरला जात नाही. काही टार फाइल्समध्ये टार आपले काम आटोपून पाइप आधीच बंद करते व पहिली आज्ञा 'सिगपाइप' या १३ क्रमांकाच्या संकेताने थांबते. १२८ अधिक १३ म्हणजे १४१. ही कारणमीमांसा संहितेतच टीप म्हणून नोंदविलेली आहे. ती नसती, तर जाणीवपूर्वक दिलेली ही सवलत निष्काळजीपणा भासली असती.

दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. निर्णय फाइलच्या नावावरून होतो, आशयावरून नाही. शिवाय अनोळखी प्रकारची फाइल मुकाट्याने वगळावी, असे पॅकेज-व्यवस्थेच्या विनिर्देशातच म्हटले आहे. पॅचसारख्या गाठोडे नसलेल्या फाइल्सही याच वाटेने येतात, हे त्याचे समर्थनीय कारण होय. तथापि त्याची किंमतही आहे. २०२१ मध्ये संमत झालेल्या ईएपीआय-८ या आवृत्तीने सेव्हन-झिप, रार आणि एलएचए यांचा आधार या फंक्शनमधून काढला. नव्या आवृत्तीकडे जाताना एखाद्या पॅकेजकर्त्याचे याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची फाइल न सुटता राहील आणि 'अनपॅक' स्वतः तक्रार करणार नाही. येथे मौन हा दोष ठरतो.

संहिता-परीक्षणाची मर्यादा :
मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या अधिकृत गाठोड्यांत एक घातक मॅक्रो फाइल होती. प्रकल्पाच्या सार्वजनिक कोड-भांडारात ती त्या रूपात नव्हती. चाचणीसाठी म्हणून ठेवलेली एक 'बिघडलेली' संकुचित फाइल काही अक्षरे अदलाबदल करून दुरुस्त करावी, ती उलगडावी आणि आतील शेल कोड चालवावा, अशी ती योजना होती. म्हणजे घात करणारा कोडही गाठोडे सोडणाराच होता. अँड्रेस फ्रॉइंड यांनी एसएसएच प्रवेशाला लागणाऱ्या सुमारे अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा माग काढला, म्हणून हा प्रकार उघड झाला.

अशा गाठोड्यापुढे 'अनपॅक' निर्दोष वागले असते. गाठोडे व्यवस्थित सुटले असते. बेरजांकाची पडताळणीही यशस्वी झाली असती, कारण पॅकेजकर्त्याने नोंदविलेलीच फाइल हाती आली आहे, एवढेच ती सिद्ध करते. ती फाइल प्रामाणिक आहे, याची ग्वाही ती देत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून तीन निकष हाती येतात. संहिता अपयश लपवते की सांगते? दिलेल्या सवलतींची कारणे ती नोंदवते का? आणि ती कशावर विश्वास ठेवते? पहिल्या दोन निकषांवर 'अनपॅक' बव्हंशी उतरते. अनोळखी फाइलबाबतचे मौन हा त्यास अपवाद. तिसऱ्याचे उत्तर संहितेत सापडत नाही. त्यासाठी गाठोड्यातील फाइल्स कोड-भांडाराशी ताडून पाहणारा वाचक लागतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत केवळ आउटपुट पाहून गुण देणाऱ्या आपण अध्यापकांनी असा वाचक कसा घडवायचा, हा प्रश्न म्हणूनच आपल्याही विचाराचा आहे.